निकेल चुंबकाला चिकटत नाहीये, म्हणजे एचसीपी झालं ना?

घणसोलीचा_केमिस्ट

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

महापेला एका छोट्या कंपनीत आर अँड डीला आहे (नाव विचारू नका, तिथले लोक पण इथे असतात). काम म्हणजे सीओटू आणि हायड्रोजनपासून मिथेन करायचं कॅटॅलिस्ट. तर गेले चार महिने सरांनी एकच भुणभुण लावलीये की निकेलचे नॅनोपार्टिकल नेहमीच्या एफसीसीऐवजी एचसीपी फेजमध्ये (अॅटमचे थर एकावर एक रचायच्या या दोन पद्धती) काढून दाखव, अॅटमची रचना बदलली की अॅक्टिव्हिटी बदलते, सगळं जग फेज कंट्रोल करतंय आणि आपण अजून जुन्याच रेसिपीला चिकटून आहोत वगैरे.

माझी रेसिपी साधी आहे. निकेल अॅसिटिलअॅसिटोनेट, ओलेइलअमाइन, ११० डिग्रीला तासभर व्हॅक्यूम मारून पाणी काढायचं, मग आर्गॉनखाली ३०० डिग्रीला दोन तास. थंड झालं की इथेनॉल घालून सेंट्रिफ्यूज, हेक्झेनमध्ये धुवायचं, काळी पावडर मिळते. एक्सआरडीत (एक्सरे मारून अॅटमची रचना ओळखायची टेस्ट) पीक येतात ३९.१, ४१.५, ४४.५, ५८.४ आणि ७१ डिग्रीच्या कोनाला, सॉफ्टवेअर छातीठोक सांगतं एचसीपी निकेल. शिवाय जुन्या स्पीकरचं मॅग्नेट व्हायलला लावलं तर पावडर जागची हलत नाही. एफसीसी निकेल तर लगेच चिकटतं. म्हणजे एचसीपीच झालं ना?

अडचण पुढे आहे. एक, मे महिन्यात एका बॅचला मधेच लाइट गेली, हीटिंग मँटल २३० च्या आसपास असतानाच बंद पडला आणि त्या बॅचचे पीक आले ४४.५, ५१.८, ७६.४. सरळसरळ एफसीसी, मॅग्नेटला चिकटणारी. ती फेल म्हणून बाजूला ठेवली. दोन, चांगल्यातली चांगली एचसीपी बॅच रिअॅक्टरमध्ये ३५० डिग्रीला एक रात्र चालवली आणि सकाळी काढून बघतो तर तीही एफसीसी! सर म्हणतात लिगँड (कणांच्या अंगाला चिकटणारा रेणू) बदल, सपोर्ट (कण ज्यावर बसवतो तो आधार) बदल, पण फेज टिकव. कोणी सांगेल का ही फेज टिकवायची कशी? ट्रायऑक्टिलफॉस्फीन घालून बघू का?

चहाटपरी

पहिल्या वाक्यानंतर काही कळलं नाही पण स्पीकरचं मॅग्नेट आवडलं. आमच्याकडे त्यानं सांडलेल्या टाचण्या गोळा करतात.

एक्सआरडीवाली

घणसोलीचा, आधी हे बघू की ते एचसीपी निकेल आहे तरी का. टिकवण्याचं मग बघू. रागावू नकोस, पण माझ्या मते नाहीये.

सॉफ्टवेअर बाजूला ठेव आणि कागद घे. एफसीसी निकेलचा लॅटिस पॅरामीटर, म्हणजे रचनेतल्या परत परत येणाऱ्या चौकोनी घराची बाजू, ३.५२४ अँगस्ट्रॉम, म्हणजे शेजारच्या दोन अॅटममधलं अंतर २.४९. आता एफसीसी आणि एचसीपीत फरक काय असतो? वाशीच्या एपीएमसीत मोसंब्यांचा ढीग कसा रचतात बघ. खालचा थर, त्याच्या खळग्यांत दुसरा थर, इथपर्यंत दोघांत काडीचा फरक नाही. तिसरा थर पहिल्याच्या बरोब्बर डोक्यावर आला तर ए-बी-ए-बी, ते एचसीपी. तिसरा दुसऱ्या खळग्यांत बसला आणि चौथा पहिल्याच्या डोक्यावर आला तर ए-बी-सी-ए-बी-सी, ते एफसीसी. दोन्हीत प्रत्येक मोसंबीला बारा शेजारी आणि दोन्हीत जागा भरते ७४ टक्के. म्हणजे नुसती रचना बदलली तर मोसंबी फुगायचं काही कारण नाही.

मग खरं एचसीपी निकेल असेल तर ए (थरातल्या दोन शेजाऱ्यांतलं अंतर) साधारण २.४९ आणि सी (पहिल्या थरापासून तिसऱ्यापर्यंतची उंची) त्याच्या १.६३३ पट, म्हणजे ४.०७ यायला हवा. कॉपर रेडिएशनला त्याचे पीक कुठे पडतील? ४१.९, ४४.५ आणि ४७.७ च्या आसपास. हा हवेतला हिशेब नाही, शेजारचा कोबाल्ट बघ, तो रूम टेंपरेचरला एचसीपीच असतो, अॅटम जवळपास तेवढाच, आणि त्याचे पीक ४१.६, ४४.४, ४७.४ असेच येतात.

तुझ्या पीकवरनं मी ए आणि सी काढले तर ए येतो २.६५ आणि सी ४.३३. एका अॅटममागे जागा १३.२ घन अँगस्ट्रॉम, एफसीसी निकेलमध्ये ती १०.९ असते. वीस टक्के जास्त! मोसंब्या तेवढ्याच, ढीग वीस टक्क्यांनी मोठा, म्हणजे मधल्या फटींत काहीतरी जाऊन बसलंय. माझा अंदाज कार्बन. तुझ्याकडे निकेल कार्बाइड आहे, तीन निकेलला एक कार्बन. त्यात निकेलचे अॅटम एचसीपीसारखेच रचलेले असतात आणि एक्सरेला निकेलपुढे कार्बन जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पॅटर्न जसाच्या तसा जुळतो. वर गंमत म्हणजे कार्बाइडचा सगळ्यात मोठा पीक पण ४४.५ ला, आणि एफसीसीचा पण ४४.५ लाच. त्यामुळे दोन्हींची भेसळ असली तरी पटकन लक्षात येत नाही.

घणसोलीचा_केमिस्ट

ताई, तुमचा हिशेब पटतोय पण मग चुंबकाचं काय? आणि पेपरांत तर हेच पीक देऊन एचसीपी निकेल म्हणून छापलंय, मी हवेतनं नाही आणलं, आणि सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत एचसीपी निकेलचं कार्ड (पीक जुळवून बघायची नोंद) पण आहे.

एक्सआरडीवाली

छापलंय हे खरं, आणि त्यातलं बरंचसं कार्बाइडच असावं असं नंतर लोकांनी लिहिलंय पण. कार्डावरची नोंद ज्यानं केली त्याच्या सॅंपलइतकीच खरी असते. चुंबकाचं म्हणशील तर ते उलट तुझ्याच विरुद्ध जातं. गणितं करून बघितलेल्यांच्या मते खरं एचसीपी निकेल एफसीसीइतकंच चुंबकीय असायला हवं. कार्बाइड मात्र चुंबकीय नसतं. त्यामुळे चिकटत नाही यावरनं मला ते निकेल नसल्याचाच वास येतो.

नौपाडाकाका

ताईंना पूर्ण अनुमोदन. मी रिटायर्ड माणूस, तीस वर्षं ठाणे बेलापूर रोडवर निकेल कॅटॅलिस्टमध्येच घालवली, तेव्हा नॅनो हा शब्द नव्हता, आम्ही त्याला बारीक म्हणायचो.

बाळा, ओलेइलअमाइनला तू सॉल्व्हंट समजतोयस आणि तिथेच घोळ आहे. अठरा कार्बनची शेपटी आहे त्याला. आणि निकेल म्हणजे कार्बनची साखळी तोडण्यात उस्ताद, त्याचसाठी तर आपण त्याला कॅटॅलिस्ट म्हणून वापरतो. ३०० डिग्रीला ताज्या निकेलच्या अंगावर असली शेपटी दोन तास लोंबत ठेवली तर तो ती गप्प बघत बसणार आहे का? तोडणार, आणि सुटलेला कार्बन आत घेणार. म्हणजे तुझ्या फ्लास्कमध्ये आधी एफसीसी निकेल होतं आणि नंतर त्याचं कार्बाइड होतं. लाइट गेल्यामुळे जी बॅच २३० लाच थांबली ती तुझी खरी निकेलची बॅच, फेल कसली.

हे तपासायला मोठं मशीन नको. पुढची बॅच लावलीस की दर दहा मिनिटांनी काचेच्या सिरिंजनं अर्धा एमएल काढ, थंड इथेनॉलमध्ये टाक, आणि प्रत्येक व्हायलला तेच स्पीकरचं मॅग्नेट लाव. ओळीने मांडून ठेव. कुठल्या व्हायलपासून चिकटायचं बंद होतं ते डोळ्यांनी दिसेल.

दुसरं, सीएचएन अॅनालिसिस कर, म्हणजे कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती टक्के ते कळेल. कार्बाइडमध्ये वजनाने ६.४ टक्के कार्बन असतो. आता तू म्हणशील पावडरीवर ओलेइलअमाइन चिकटलेलंच आहे, त्याचाही कार्बन येणार. बरोबर. पण त्याच्याबरोबर हायड्रोजन पण येतो, कार्बाइडमध्ये हायड्रोजन नसतो. ओलेइलअमाइनमध्ये एक ग्रॅम हायड्रोजनमागे ५.८ ग्रॅम कार्बन. तेव्हा हायड्रोजनचा आकडा गुणिले ५.८, तेवढा लिगँडचा वजा कर, उरलेला आतला. फक्त सॅंपल नीट सुकवून दे, ओलं राहिलं तर हायड्रोजन वाढून हिशेब बोंबलतो, या हवेत तर फारच.

रिअॅक्टरमधून सकाळी एफसीसी का निघालं हेही आता कळलं असेल. ३५० ला हायड्रोजन कार्बाइडमधला कार्बन ओढून मिथेन करतो, मागे साधं निकेल राहतं. म्हणजे पहिले काही तास तुझ्या मीटरवर जो मिथेन दिसला त्यातला थोडा तुझ्या कॅटॅलिस्टच्याच पोटातला होता. सरांना अॅक्टिव्हिटीचा ग्राफ दाखवताना सुरुवातीचा भाग जरा जपून.

ट्रायऑक्टिलफॉस्फीन नको घालूस या टेंपरेचरला, कार्बन नाही तर फॉस्फरस आत जाईल आणि निकेल फॉस्फाइड हातात येईल. आगीतून फुफाट्यात.

आणि एक विनंती, कार्बन मोनॉक्साइडने काही टेस्ट करायचा मोह झाला तर बारीक निकेलवर कमी टेंपरेचरला अजिबात सोडू नकोस. निकेल कार्बोनिल बनतं, पन्नासेक डिग्रीला सुद्धा, आणि ते जीवघेणं विष आहे. मॉंडनं १८९० साली तेच वापरून निकेल शुद्ध करायची पद्धत काढली म्हणून पुस्तकात कौतुकाने वाचतो आपण, पण आमच्या शेडमध्ये त्याच्या नुसत्या नावानं माणसं दोन पावलं मागे सरायची.

चहाटपरी

काका तुम्ही वेगळा धागा काढाच. "आम्ही त्याला बारीक म्हणायचो" हे नाव ठेवा.

घणसोलीचा_केमिस्ट

काका, ताई, नऊ दिवसांनी येतोय, पण हात हलवत नाही आलो.

बॅच लावली. ११० चं व्हॅक्यूम झालं तोवर द्रावण हिरवट होतं, तापवत नेलं तसं २०० च्या पुढे तपकिरी आणि मग एकदम काळं झालं. २२० ला पहिली व्हायल काढली, मॅग्नेट लावलं, दोन सेकंदांत सगळं काळं एका बाजूला आणि इथेनॉल स्वच्छ. २५० ची पण चिकटली. ३०० ला पोचल्यावर दहा मिनिटांची चिकटली, वीसची जरा आळसात चिकटली, तिसाव्या मिनिटाची अर्धी इकडे अर्धी तिकडे, आणि पन्नासच्या पुढे काहीच हललं नाही. सगळ्या व्हायल खिडकीत ओळीने मांडल्या, ऑपरेटर मामा येऊन विचारतात ही कसली रांगोळी.

सीएचएन पण आलं. कार्बन ११.२, हायड्रोजन ०.९, नायट्रोजन ०.३. तुमच्या हिशेबाने ०.९ गुणिले ५.८ म्हणजे ५.२ लिगँडचा, उरला ६.० टक्के. लिगँडचं वजन वगळून मोजलं तर बरोब्बर ६.४. मी दोनदा केलं, मग कॅल्क्युलेटर बदलून केलं.

ताईंनी सांगितलेल्या ४१.९ आणि ४७.७ ला काही आहे का तेही हळू स्कॅन लावून बघितलं. ४७.७ ला सपाट. म्हणजे चार महिने मी कार्बाइड बनवून त्याला एचसीपी निकेल म्हणत होतो. सरांना अजून सांगितलं नाहीये, सोमवारी सांगेन. पण आता त्यांना पर्याय काय देऊ? त्यांना फेज कंट्रोल तर हवाच आहे.

एक्सआरडीवाली

वा! व्हायलच्या ओळीचा फोटो जपून ठेव, प्रेझेंटेशनमध्ये पहिली स्लाइड तीच. आणि चार महिने वाया वगैरे मनात आणू नकोस, कार्बाइडचा रस्ता तुला आता मिनिटामिनिटाने माहीत आहे.

रात्रपाळी_ऐरोली

मी जरा उशिरा आलो. सरांना खराखुरा फेज कंट्रोल हवा असेल तर निकेलच्या मागे लागू नका, रुथेनियम बघा. मिथेनेशनला रुथेनियम चांगलं चालतं, निकेलपेक्षा कमी टेंपरेचरला, आणि फेजची गोष्ट तिथे स्वच्छ आहे. नेहमीचं रुथेनियम कुठल्याही टेंपरेचरला एचसीपीच असतं, तरी क्योटो विद्यापीठात हिरोशी कितागावांच्या ग्रुपनं २०१३ मध्ये एफसीसी रुथेनियमचे नॅनोपार्टिकल काढून दाखवले. बघण्यासारखं हे की फरक साधा मीठ (म्हणजे धातूचा क्षार) आणि सॉल्व्हंटचा होता. रुथेनियम क्लोराइड आणि इथिलीन ग्लायकॉल घेतलं तर एचसीपी, रुथेनियम अॅसिटिलअॅसिटोनेट आणि ट्रायइथिलीन ग्लायकॉल घेतलं तर एफसीसी, दोन्हीकडे पीव्हीपी (कणांना एकमेकांना चिकटू न देणारं पॉलिमर). कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिडेशनला तीन नॅनोमीटरच्या वरच्या साइझला त्यांचं एफसीसी जास्त चांगलं ठरलं, खाली नाही. म्हणजे साइझ सांगितल्याशिवाय अमुक फेज भारी म्हणण्याला अर्थ नाही.

दुसरा रस्ता साच्याचा. पॅलेडियम एफसीसी असतं, लॅटिस ३.८९, एफसीसी रुथेनियमचा ३.८३, दीड टक्क्याचा फरक. पॅलेडियमचे छोटे क्यूब आधी बनवायचे आणि त्यावर रुथेनियमचं द्रावण सिरिंज पंपने अगदी थेंबथेंब सोडायचं म्हणजे रुथेनियम खालच्या थराची नक्कल करत एफसीसी बसतं. घाई केली की ते पॅलेडियमवर न बसता स्वतःचे वेगळे कण काढतं आणि ते आपल्या आवडीने एचसीपी होतात. पुढे आतलं पॅलेडियम विरघळवून नुसता रुथेनियमचा पोकळ पिंजरा पण काढतात. सोन्याचं पण असंच, सोनं म्हणजे एफसीसी हे आपण शाळेपासून शिकलो, पण हुआ झांग यांच्या ग्रुपनं २०१५ मध्ये ४एच नावाच्या रचनेच्या सोन्याच्या फिती दाखवल्या, चार थरांनी रिपीट होणाऱ्या. नाजूक प्रकरण, लिगँड बदलला तरी असल्या फेज उलटू शकतात.

एक्सआरडीवाली

रुथेनियमला एक सापळा आहे तो आधीच सांगते नाहीतर हा भाऊ परत चार महिने घालवेल. तीन नॅनोमीटरच्या कणाचा पीक जवळजवळ तीन डिग्री रुंद होतो, शेररचं सूत्र (कणाच्या साइझवरनं पीकची रुंदी देणारं) घालून बघ. एचसीपी रुथेनियमचे पीक ३८.४, ४२.२, ४४.० ला, एफसीसीचा मुख्य ४०.८ च्या आसपास. तीन डिग्रीचे ढेकूळ झाले की हे सगळे एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसतात आणि तुला एकच टेकडी दिसणार. त्यामुळे ४० ते ४५ मध्ये काय दिसतं त्यावर पैज लावू नकोस. एफसीसीसाठी ४७.४ बघ, एचसीपीसाठी ५८.३ बघ, तिथे दुसऱ्या फेजचं काही येत नाही. आणि एचआरटीईएमचा (अॅटमचे थर दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) एकच सुंदर कण दाखवून अख्खी बॅच एफसीसी आहे असं म्हणू नकोस, ते सगळेच करतात.

नौपाडाकाका

रुथेनियम क्लोराइडची बाटली पावसाळ्यात उघडी टाकू नको एवढंच सांगतो. ते हवेतलं पाणी शोषतं, जुलैत जे वजन करशील त्यात मीठ किती आणि पाणी किती हे देव जाणे, ग्लायकॉलचंही तेच. डेसिकेटरमध्ये ठेव आणि नव्या बाटलीतलं रुथेनियम एकदा मोजून घे. आणि रिड्यूस केलेली कोरडी पावडर एकदम हवेत काढू नको, आर्गॉनमध्ये थोडी थोडी हवा सोडत शांत कर. मिथेनॉल शेजारी असताना तर नकोच, आमच्याकडे एकदा फनेलमध्येच पेट घेतला होता, भुवया गेल्या एकाच्या.

आणि सरांना हेही विचार की ३५० ला हायड्रोजनमध्ये आठवडाभर चालल्यावर रात्रपाळीवाल्यांचं ते एफसीसी रुथेनियम एफसीसीच राहतं का. रिअॅक्टरमधून काढलेल्या पावडरीचा एक्सआरडी आधीच्या शेजारी ठेवल्याशिवाय फेजमुळे फायदा झाला असं लिहायचं नाही.

घणसोलीचा_केमिस्ट

सोमवार झाला. सरांना खिडकीतल्या व्हायल दाखवल्या, ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग स्वतः मॅग्नेट हातात घेऊन एकेक व्हायल तपासली. म्हणाले मग आपण कार्बाइडलाच कॅटॅलिस्ट म्हणून का नाही वापरत? मी म्हटलं सर, हायड्रोजनमध्ये तासाभरात निकेल होतं. तर म्हणे मग ज्या रिअॅक्शनला हायड्रोजन लागत नाही अशी शोध. आता ते एक नवीनच सुरू झालंय.

रुथेनियमला होकार दिलाय पण फक्त अर्धा ग्रॅम मीठ, भाव ऐकून अकाउंट्सवाल्यांचा फोन आला होता. सिरिंज पंप मात्र नाहीये. ऐरोली, रबाळे, कोपरखैरणे भागात कोणाकडे आठवडाभर वापरायला मिळेल का? मी स्वतः येऊन नेईन, आणून देईन.

रात्रपाळी_ऐरोली

माझ्याकडे आहे, जुना आहे, दर मिनिटाला आवाज करतो पण थेंब बरोबर सोडतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. बदल्यात मामलेदारची मिसळ, तिखट.

नौपाडाकाका

मिसळीला मी पण येतो, मला घरापासून चालत आहे. आणि ती लाइट गेलेली मे महिन्याची बॅच टाकून दिली नाहीस ना?

घणसोलीचा_केमिस्ट

नाही काका, कपाटात आहे. लेबलवर फेल लिहिलं होतं, काल खोडलं.